सुबोध पोचेपर्यंत केर नाही

मुलुंड पूर्वेला 'सागरदर्शन' नावाची सोसायटी आहे. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तरी तिथून दिसतो तो हायवे आणि त्यावर तुंबलेले ट्रक. पण बिल्डरने नाव ठेवलं आणि लोकांनी ते पाटीवर रंगवून घेतलं. नावाचं काय घेऊन बसलात, याहून मोठमोठ्या गोष्टी या सोसायटीत लोक डोळे मिटून मानतात. त्यातली पहिली अशी, की माणसाची पत त्याचं पोर किती लांब गेलं यावरून ठरते.

पूर्वी विचारायचे, मुलगा काय शिकला. मग विचारायला लागले, पगार किती. आता सरळ विचारतात, "किती तासांवर असतो?" तीन तास म्हणजे दुबई. दुबईवाल्यांना सोसायटीच्या सभेत कोणी उठून खुर्ची देत नाही. नऊ-दहा तास म्हणजे लंडन, त्यांना खुर्ची मिळते. त्याच्या पुढे गेलात तर गणपतीत आरतीचं ताट तुमच्या हातात. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंचा मुलगा पुण्यात असतो. दर शनिवारी येतो, आईला डॉक्टरकडे नेतो, गॅसची नळी तपासतो, येताना भाजी आणतो. त्यांचा विषय निघाला की बाकीच्या बायका आवाज खाली आणतात. "बिचारीचा मुलगा इथेच राहिला गं," म्हणतात.

या उतरंडीच्या अगदी टोकाला तिसऱ्या मजल्यावरच्या जानकी परब. त्यांचा सुबोध सॅन फ्रान्सिस्कोला. मुंबईहून तेरा हजार किलोमीटरच्या वर, आणि तेही एका दमात, मधे कुठेही न टेकता, सोळा-सतरा तास.

जानकीबाई मूळच्या वेंगुर्ल्याजवळच्या. लग्न करून लालबागच्या चाळीत आल्या, नवरा धाकू गिरणीत. गिरणी बंद पडली तेव्हा सुबोध अजून पोटातही नव्हता. धाकूने मग मिळेल ते केलं, आणि जानकीबाईंनी भांडुपला भाड्याच्या खोलीत मालवणी मसाला भाजायला घेतला. त्या मिरच्या भाजायला लागल्या की अख्खी गल्ली खोकायची. शेजारी भांडायला यायचे ते नाक धरून आणि जाताना पाव किलो घेऊन जायचे. त्या ठसक्यातून सुबोधचं इंजिनिअरिंग झालं, आणि त्यातूनच मुलुंडची ही दोन खोल्यांची जागा. तेव्हा या बाईला टोकाला बसायला कोणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. पण बसली खरी, आणि बसल्यावर तिला ते आवडलंही. उगाच खोटं कशाला बोला.

या टोकावर दुसरं कोणी चढू बघत असेल तर ती समोरच्या दारातली प्रेमा सकपाळ. तिची अक्षता टोरांटोला. अंतर जानकीबाईंच्या सुबोधपेक्षा कमी, पण अक्षता जायची स्वस्त तिकिटाने, फ्रँकफर्टला विमान बदलून. त्यात तिचे बावीस तास जायचे. एका हळदीकुंकवाला यावरून जुंपली.

"आमचे बावीस तास आहेत," प्रेमा म्हणाली.

"बावीसातले पाच तर ती बाकावर बसून असते," जानकीबाई म्हणाल्या. "आमची एसटी चिपळूणला चहाला थांबायची. म्हणून वेंगुर्ला लांब गेलं का गं?"

शेवटी सेक्रेटरी हर्षद चुरी यांना बोलावण्यात आलं. हा माणूस रिकामटेकडा नव्हता, पण मोबाइल हातात आला की तसाच वागायचा. कुठलेही दोन विमानतळ टाकले की मधलं अंतर सांगणारं काहीतरी त्याच्याकडे होतं. त्याने बघून निकाल दिला की किलोमीटर परबांचे जास्त, तास सकपाळांचे. दोघींनाही तो पटला नाही. वाण मात्र दोघी घेऊन गेल्या.

हे झालं अंतराचं. आता केराचं सांगायला हवं.

जानकीबाईंच्या आईचा एक नियम होता. माणूस घरातून प्रवासाला निघालं की ते मुक्कामाला पोचेपर्यंत घरात केर काढायचा नाही. कारण विचारलं तर आई आधी गप्प बसायची, आणि फारच विचारलं तर सांगायची, "माणूस कायमचा गेला काय मागसून घर झाडतत. जिता माणूस पोचासर केर काढूचो नाय." वेंगुर्ल्यात हे निभायचं. संध्याकाळची एसटी सकाळी मुंबईला लागायची. उन्हं ओटीवर आली की आई म्हणायची, पोचला असेल, आणि केरसुणी हातात घ्यायची.

सुबोध पहिल्यांदा अमेरिकेला निघाला तेव्हा जानकीबाईंनी दाराला टेकवलेली केरसुणी उचलून मोरीत ठेवली. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी, कुणाचातरी फोन मागून घेऊन त्याने फोन केला. आवाज दमलेला, पण हसत होता. "पोचलो गं आई. काढ आता केर." जानकीबाईंनी असा केर काढला, की त्या दिवशी माळ्यावरची भांडीसुद्धा खाली आली.

मग दिवस गेले तसा हा फोन आकसत गेला. दोन-तीन वर्षांनी फोनच्या जागी मेसेज आला, 'पोचलो.' मग नुसतं 'रीच्ड.' मग लग्न झालं आणि सुनेचा, म्हणजे दिशाचा, पिवळा अंगठा यायला लागला. अंगठा आला त्या वेळी जानकीबाईंनी फक्त बाहेरची खोली झाडली. स्वयंपाकघर तसंच ठेवलं. अंगठ्याला तेवढंच पुरे, म्हणाल्या.

इथवर एका घराची गोष्ट होती. पण सागरदर्शनमध्ये कुठलीही गोष्ट एका घरात राहत नाही. ज्यांना आपल्या आजीचा असा काही नियम आठवत नव्हता त्यांनाही तो आठवायला लागला. मूल हवेत असताना आई घर झाडते म्हणजे काय! मग कोणीतरी म्हणालं, घराचं ठीक आहे, पण जिना? पोरं जिन्यानेच उतरून गेली ना? झालं. जिना झाडणारी चंपा सकाळी खराटा घेऊन यायची ती खालूनच ओरडून विचारायची, "काकू, आज कोण हवेत आहे?" आणि कोणी ना कोणी असायचंच. दिवाळी-नाताळच्या दिवसांत तर एकाचं पोर उतरतंय तोवर दुसऱ्याचं चढलेलं. जिन्यावर शेंगांची टरफलं साचली, फुलबाज्यांच्या तारा साचल्या. एकदा पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा पुण्याचा मुलगा खराटा घेऊन स्वतःच झाडायला लागला, तर त्याला वरून तीन बाया ओरडल्या.

मग सभा भरली. शिकलेली माणसं एकत्र बसली की अंधश्रद्धा जात नाही, तिला पोटनियम मिळतात. ठराव झाला तो असा: सदस्याचे अपत्य हवेत असताना जिना झाडू नये. हवेत म्हणजे विमानाची चाके धावपट्टीवरून सुटल्यापासून ती पुन्हा टेकेपर्यंत. पाच हजार किलोमीटरच्या आतील प्रवासास ही सवलत नाही. यावर दुबईवाले गृहस्थ सभात्याग करून गेले. ते तळमजल्यावर राहत असल्यामुळे जिन्याचं त्यांना तसं काहीच नव्हतं. मधल्या विमानतळाचं काय, या प्रश्नावर तासभर गेला. शेवटी ठरलं की मधे विमान टेकलं की पाय जमिनीला लागले, तेवढ्यात झाडून घ्यावं. तेव्हापासून हर्षद चुरी खिडकीतून ओरडायचा, "चंपा, फ्रँकफर्ट!" आणि चंपा हातातला चहा खाली ठेवून जिना झाडायला धावायची. फ्रँकफर्ट म्हणजे काय ते तिने कधी विचारलं नाही. साबण असेल असं तिला वाटायचं.

या सभेत जानकीबाई एकदाच बोलल्या. "विमान टेकलं म्हणजे विमान पोचलं," त्या म्हणाल्या. "माणूस पोचला हे माणसाने सांगायचं असतं." ठरावात हे बसेना, म्हणून ते सोडून देण्यात आलं.

गेल्या हिवाळ्यात सुबोध आणि दिशा दोन आठवड्यांसाठी आले. तेरा हजार किलोमीटर आले, पण बोरिवलीला दिशाच्या माहेरी गेले ते पाच दिवस तिथेच राहिले, कारण बोरिवलीहून मुलुंडला यायचं म्हणजे घोडबंदरचं ट्रॅफिक. मग मित्रांबरोबर मनोरीला एक बंगला भाड्याने घेतला होता, तिथे दोन दिवस. आले त्या दिवसापासून तीन दिवस सुबोध झोपूनच होता. उरलेल्या दिवसांत तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर लोळून कानात ते पांढरं काहीतरी घालून ऑफिसशी बोलायचा. जानकीबाईंनी त्याच्यासमोर तळलेले बांगडे ठेवायचे आणि त्याने बोटाने 'एक मिनिट' म्हणायचं. तरी त्यांना बरं वाटलं. घरात पोराचे मोजे पडलेले दिसले तरी त्यांना बरं वाटायचं.

निघायच्या दिवशी त्याने धाकूच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. "बाबा, हे बघा. विमान कुठे आहे ते दिसत राहील. आता फोनबिनची भानगडच नाही." सगळं किती सोपं करून दिलं, या आनंदात तो होता. दुपारचं विमान होतं. मुलुंडहून सहार विमानतळावर पोचायला लिंक रोडवर त्याचे दोन तास गेले. ते हर्षदच्या मोबाइलमधल्या अंतरात धरत नाहीत. तिथे अंतर विमानतळापासून सुरू होतं. जानकीबाईंचं उंबरठ्यापासून व्हायचं.

तो गेल्यावर केरसुणी मोरीत गेली आणि दोघं म्हातारा-म्हातारी मोबाइल घेऊन बसली. नकाशावर इवलंसं विमान सरकत होतं.

"अगो, ह्या वर खंय चलला?" धाकू म्हणाला. "अमेरिका थंय डावीकडे. वाट चुकला की काय?"

जानकीबाई तडक जिन्यात गेल्या. हर्षदला हाक मारली. त्याने देव्हाऱ्यासमोरचा नारळ उचलला, त्यावर दोरा ताणून दाखवला आणि सांगितलं, की पृथ्वी गोल आहे, म्हणून जवळची वाट कागदावर वाकडी दिसते. धाकूला ते पटलं. जानकीबाईंनी नारळ पुसून परत जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी विमान टेकलं. ॲपमध्ये हिरवी पट्टी आली. खाली हर्षदने चंपाला हाक मारली आणि जिना झाडून झाला. जानकीबाई फोनजवळ बसून राहिल्या. फोन आला नाही. मेसेज आला नाही. अंगठासुद्धा आला नाही, कारण दिशाला वाटलं सुबोध कळवेल, आणि सुबोधला वाटलं ॲप कळवेल.

तिसऱ्या दिवशी धाकूने मोबाइल पुढे केला. सुबोधने फोटो टाकला होता. "बघ. तुझो झील थंय बसान पिझ्झो खाता हा. पोचलो तो."

"माका सांगल्यान नाय," जानकीबाई म्हणाल्या.

"मी फोन करतंय. 'आवशीक फोन कर' सांगतंय."

"खबरदार! सांगून आलेलो फोन माका नको."

आणि त्या बाईने खरंच केर काढला नाही. भांडायची नाही, रडायची नाही, सगळा स्वयंपाक वेळेवर करायची, फक्त केरसुणीला हात लावायची नाही. कोथिंबिरीच्या काड्या पडल्या तिथे राहिल्या. लसणीची सालं पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर फिरायला लागली. मुंग्यांनी ओट्यापासून दिवाणापर्यंत आपला हायवे बांधला. धाकू घरात चपला घालून वावरायला लागला. आयुष्यभर बायकोच्या या नियमाची टर उडवलेला माणूस, पण एकदाही केरसुणीकडे गेला नाही, हे त्याचं मोठेपण म्हणा किंवा आळस म्हणा.

आठवडा होत आला तेव्हा प्रेमा सकपाळ समाचाराला आली. समाचाराला म्हणजे बघायला. खुर्चीच्या कडेवर बसली, पाय अधांतरी धरले आणि म्हणाली, "आमची अक्षता बाई उतरल्या उतरल्या फोन करते. तेवढं एक आहे तिचं."

जानकीबाईंनी आधण ठेवलं. तिच्यापुढे चहा ठेवला. प्रेमाने अर्धा कप संपवला, खोलीभर एकदा बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. "खरं सांगू काकू? गेल्या वेळी मीच केला फोन. तीनदा केला तेव्हा उचलला. म्हणाली, मम्मी, मीटिंगमध्ये आहे." मग तिने पाय खाली त्या कचऱ्यात टेकवले आणि उरलेला चहा नीट बसून प्यायली. त्या दिवशी तास आणि किलोमीटर कोणीच काढले नाहीत.

पुढच्या सोमवारी सकाळी जानकीबाई सौंदाळे मासे साफ करत होत्या तेव्हा फोन वाजला. पडद्यावर सुबोधचा फोटो. त्यांनी हात कसेबसे पदराला पुसले. धाकूने पेपर खाली घेतला.

"आई, ऐक ना, घाईत आहे. एक काम कर ना पटकन. माझा एक इअरबड तिथे राहिलाय बहुतेक. कानात घालतो ते गं, पांढरं, शेंगदाण्याएवढं. दिवाणाखाली बघ ना."

जानकीबाईंनी फोन दिवाणावर ठेवला, गुडघ्यांवर हात देत देत खाली बसल्या आणि वाकून आत हात घातला. धूळ, केसांचा गुंता, सुबोधचा एक मोजा, मुंग्या. आणि भिंतीकडेला, मऊ कचऱ्यात अलगद बसलेलं ते पांढरं.

"गावलो रे," त्या म्हणाल्या. "सापडला."

"झकास! आई, तू ग्रेट आहेस यार. मला वाटलं तू झाडूनबिडून टाकला असशील. वाटच लागली असती. बरं झालं केर काढला नाहीस."

जानकीबाई तशाच जमिनीवर बसून राहिल्या. त्यांना वाटलं, आता विचारेल. एवढं तोंडातून गेलं आहे, तर आता त्याला आठवेल. इतके दिवस का नाही काढला, असं तरी म्हणेल. सुबोध म्हणाला, "कुरिअर नको करूस, महाग पडतं. डबीत ठेवून दे. पुढच्या वर्षी आलो की नेईन. आलो तर. बघू."

"सुबोध," जानकीबाई म्हणाल्या, "पोचलास ना रे नीट?"

"कुठे?"

धाकूने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं.

"घरी," जानकीबाई म्हणाल्या.

"घरीच आहे की गं. कधीचा! जेवतोय आता. चल, ठेवतो, दिशा थांबलीय."

फोन बंद झाला. जानकीबाईंनी ते पांढरं पदराने पुसलं, स्टीलच्या हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की त्या कामाला लागतात, ही जुनी सवय. मोरीतून केरसुणी आणली, पदर खोचला आणि आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"काय म्हणालो गो?" धाकूने विचारलं. ऐकू त्यालाही आलं होतं.

"पोचलो म्हणता. घराक पोचलो."

धाकूने पाय खुर्चीवर घेतले, खालून तिला झाडता यावं म्हणून. केर खूप निघाला. दिवाणाखालचा, कपाटामागचा, दारामागचा. सुपली दोनदा भरली. सुबोधचा मोजा तेवढा त्यांनी बाजूला काढून दोरीवर टाकला.

सुपली घेऊन त्या दारात आल्या तेव्हा चंपा खराटा घेऊन जिन्यात उभी होती.

"काकू, झाडू ना? तुमचं कोण हवेत नाही ना आज?"

"झाड गं," जानकीबाई म्हणाल्या. "आमचं कोणी नाही हवेत. पोचला तो त्याच्या घरी."